तामूच्या जुडीतला कोलांटीबाबा

तामूच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा, तर उस्ताद तहामी त्या मंगळवारी बाजारात शिरला तेव्हा गाढवांनी ओरडणं थांबवलं. पाणी विकणाऱ्याच्या घंटा गप्प झाल्या. मशिदीच्या दारात बसणारा आंधळा अल्लाहची नव्याण्णव नावं घेता घेता सत्तेचाळिसाव्यावर अडकला, आणि भजीवाल्याच्या कढईतलं पिठाचं कडं उलटायचं राहून एका बाजूने कोळसा झालं. माणूस खजुराच्या झाडाएवढा उंच, डोळे बगळ्यासारखे, दोन्ही हातांत धरलेली बशी, बशीवर उपडा घातलेला चहाचा पेला, आणि पेल्याखाली सुलतानाच्या अंगठीतला हिरा असावा अशी चाल. मागे अर्धा बाजार. अशा थाटात तो तिच्या चटईपुढे येऊन उभा राहिला आणि सबंध ऐन-बरवाग गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मावशी, हा तुमच्या जुडीतून निघाला. ह्याचं घर कुठलं?"

खरं सांगायचं तर उस्ताद तहामी तामूच्या खांद्याला लागायचा. मागे होत्या त्या दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी. आवाजही त्याचा असा की वर्गात हजेरी घेताना पहिल्या बाकावरचेच तेवढे 'हजर' म्हणायचे. पण एक गोष्ट तामूने वाढवून सांगितलेली नाही. 'तुमच्या जुडीतून निघाला' हे शब्द तो खरोखरच बोलला, आणि ते शेजारच्या चटईवर बसलेल्या घझवानीने खरोखरच ऐकले. बाजार ऐकतो म्हणजे दुसरं काय होतं?

तामू दात कोरायच्या काड्या विकायची. आमच्याकडे त्या काड्या कुणी तासत नाही, जमिनीतून तयार उगवतात. बश्नीखा नावाचं रान माजतं, बडीशेपेच्या भावकीतलं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात. फुलं झडली की छत्री मिटत मिटत मुठीसारखी होते आणि छत्रीची प्रत्येक काडी वाळून अशी टणक होते की एकेक मोडून घ्यायची आणि दात कोरायचे. जेवण झालं, चहा आला की मधोमध एक मूठ पेल्यात उभी करतात. पाहुण्याने पहिली काडी मोडायची. वास थोडा कडवट येतो, हिरड्यांना बरा असतो म्हणतात.

ही कला तामूला सासूने दिली होती. सासूने दुसरं काहीच दिलं नव्हतं, त्यामुळे ही तिने जपली. मूठ फार लवकर कापली तर काडी वाकते, फार उशिरा कापली तर तुटते. कापायची ती पहाटे, दवाने ओली असताना. कापण्याआधी मूठ वाकवून तिच्या मानेवर विळ्याच्या पाठीने तीन ठोके द्यायचे आणि म्हणायचं, "बिस्मिल्लाह, राहणाऱ्यांनो, घर सोडा." आत कोण राहतं ह्याची चौकशी करायची नाही. आमच्याकडे उकळतं पाणी ओततानासुद्धा जमिनीखालच्या मंडळींना, म्हणजे जिनांना, आधी सूचना देतात, मग कुणाचं छप्पर कापायचं तर सांगायला नको? तीन ठोक्यांनी जे काही पडायचं ते पडायचं. कोळी, मुंग्या, आणि ते एक काळं, जिऱ्याएवढं चिमुकलं जनावर, ज्याला आम्ही कोलांटीबाबा म्हणतो. हात लावला की मेल्याचं सोंग घेतं, आणि तुम्ही दोन शब्द हळहळेपर्यंत मागच्या पायांनी झटका मारून एकावर एक कोलांट्या घेत नाहीसं होतं.

हे सगळं करून झालं की मुठी दोन दिवस गच्चीवर उन्हात, मग खुज्या ताडाच्या पातीने बांधलेल्या जुड्या. तीस वर्षं तामू एकच वाक्य ओरडायची: "तामूच्या जुडीत काडीच काडी, दुसरं कुणी नाही." हा टोला होता घझवानीला. घझवानी मूळचा दात काढणारा. चटईवर समोर उपटलेल्या दातांचा ढीग, म्हणजे अनुभवाचा दाखला, आणि त्या ढिगाशेजारी बश्नीखाच्या जुड्या. काढायचा दात आणि कोरायचा दात, दोन्ही एकाच दुकानात. दातांच्या त्या ढिगाकडे बघून कुणाला काडी तोंडात घालावीशी वाटायची नाही, म्हणून तामूचं चालायचं. घझवानीला हे कारण कधी उमगलं नाही. तो समजायचा की बाईने कसला तरी ताईत केलाय.

आणि आता हा किडा.

त्याचं झालं असं होतं. उस्ताद तहामी फास शहरचा. फासच्या माणसांबद्दल आमच्याकडे काय मत आहे ते लिहीत नाही, माझी एक मावसबहीण तिकडे दिलेली आहे. नवा आला होता, शाळेत निसर्गशास्त्र शिकवायचा, आणि त्याच्या खोलीत कपाटात कपडे नव्हते, सुया टोचलेले किडे होते. शुक्रवारी मुख्याध्यापकांनी त्याला कुसकुस जेवायला बोलावलं. जेवण झालं, बश्नीखाची मूठ आली. तहामीने काडी मोडली तशी आतून एक काळा दाणा बशीत पडला. मुख्याध्यापकांना वाटलं कलौंजी. दाण्याने तीन कोलांट्या मारल्या आणि तो पावाखाली शिरला. मुख्याध्यापक दुआ म्हणत होते. तहामीने 'आमीन'च्या जागी चहाचा पेला उपडा घातला.

पाठीला कुबड, मान छातीत घातलेली, मागे सुईसारखं टोक. तहामीने त्याच्यासारखा एकच पाहिला होता, तोही चित्रात. शंभर वर्षांपूर्वी कुणा फिरस्त्या फ्रेंच डॉक्टरने पकडलेला. चित्राखाली ठिकाण लिहिलं होतं: मोरोक्को. आणि पुढे: राहणी अज्ञात. एवढा मोठा मुलुख, आणि पत्ता म्हणून सगळा मुलुखच दिलेला. हा तोच की वेगळाच, कुठे राहतो, काय खातो, ह्यातलं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तहामीच्या बशीत तो मेल्याचं सोंग घेऊन पडला होता. मंगळवारपर्यंत त्याने कशी कळ काढली त्याचं त्याला ठाऊक.

त्याच दुपारी घझवानीने नवी आरोळी काढली: "तामूची काडी घ्या, वर तोंडी लावायला मांस फुकट." संध्याकाळपर्यंत ती आरोळी गावच्या हमामात, सगळ्यांच्या न्हाणीघरात, पोचली, आणि बायकांच्या हमामात पोचलेली गोष्ट परत आणता येत नाही.

आता इथे हज्जा य्यामनाची ओळख द्यायला हवी. मोठं घर, मोठी जमीन, मोठा आवाज. तिच्या धाकट्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. त्या घरच्या प्रत्येक लग्नात, सुंतेत आणि बारशात तीस वर्षं मेजावर उभी राहिलेली मूठ तामूची होती. ह्या लग्नाला सगळी जमात जेवायला येणार होती. त्या मेजांवर घझवानीची मूठ दिसली की तामू संपली, हे तामूला कुणी सांगायला नको होतं. विधवा बाई. तिच्याकडे विळा होता, गच्ची होती आणि नाव होतं. त्यातलं नाव घझवानी ओरडून ओरडून झिजवत होता.

बुधवारी ती शाळेत गेली. सरळ वर्गात. फळ्यावर बेडकाचं पोट काढलं होतं, त्यापुढे उभी राहून तिने उस्तादला सांगितलं की येत्या मंगळवारी बाजारात यायचं आणि किडा घझवानीच्या काड्यांतला होता असं म्हणायचं.

"पण तो तुमच्या जुडीतला होता, मावशी. मुख्याध्यापकांनी तुमच्याकडूनच घेतली होती."

"आणि त्यांच्या घरी किडे नाहीत? त्यांच्या भिंती पाहिल्यात?"

तहामी लाल झाला. फासची माणसं लाल होतात तेव्हा छान दिसतात, हे तामूनेच नंतर कबूल केलं. तो म्हणाला, "मावशी, प्रत्येक किड्याखाली एक चिठ्ठी टोचायची असते. कुठे सापडला, कधी, कुणाला. त्या चिठ्ठीवर मी खोटं लिहिलं तर किडा असला काय आणि नसला काय, सारखंच. शंभर वर्षं हेच झालंय."

तामूला ह्यातलं इतकंच कळलं की हा खोटं बोलणार नाही. मग तिने दुसरी बाजू धरली. खोटं बोलू नका, खरं बघा. शनिवारी पहाटे माझ्या रानात या. मी कशी कापते ते डोळ्यांनी बघा. तीन ठोक्यांनंतर मुठीत कुणी उरतं का ते बघा. आणि मग बाजारात उभं राहून जे पाहिलं ते सांगा. तहामीला बोलावण्याची गरजच नव्हती. त्याला रानच बघायचं होतं.

शनिवारी तो आला तेव्हा आकाशात ढग औषधालाही नव्हता आणि त्याच्या हातात पांढरी छत्री होती. तामूने मनात म्हटलं, गोरा माणूस, उन्हाला भितो. मग त्याने छत्री उघडली आणि उलटी करून, दांडा वर, झाडाखाली धरली, आणि तामूने मोठ्याने बिस्मिल्लाह म्हटलं. त्याच्या गळ्यात एक काचेची बाटली होती, तिला दोन रबरी नळ्या. एक नळी तोंडात घालून दुसरीने तो म्हणे किडे ओढणार होता. ती बघत राहिली. मग तिने त्याला आधी पाव, ऑलिव्हचं तेल आणि ताक दिलं. रिकाम्या पोटी माणूस काय काय ओढून घेईल, सांगता येत नाही.

ताक पिता पिता त्याने विचारलं, हा राहतो कुठे? विचारायचं म्हणून विचारलं होतं. तामू म्हणाली, "उत्तरेकडच्या बांधाला. इकडे नाही, इकडे मेंढ्या येतात. फुलं ताजी असताना दुपारभर फुलांवर, परागात लोळतो, पिवळा होतो. ऊन उतरलं की मुठीत झोपायला जातो. पोरं त्याची दांड्यात असतात."

तहामीचं ताक हातातच राहिलं.

"दांड्यात म्हणजे?"

"दांड्यात म्हणजे दांड्यात. वाळलेला दांडा चुलीला घालायला मोडला की आत गाभा खाल्लेला असतो आणि पांढरी बारकी अळी. वसंतात मोडलात तर अळीच्या जागी तोच, पांढरा, हातपाय गोळा करून. काळा नंतर होतो. दोन अळ्या एका दांड्यात कधी नसतात. का ते मला नका विचारू, घरात दुसरं कुणी नको वाटत असेल."

त्याने वही काढली. ती बोलत गेली, तो लिहीत गेला. कुठल्या वर्षी जास्त होते, पाऊस उशिरा आला तर काय होतं, बश्नीखा नसेल तर रानगाजरावर बसतो का. बसतो, पण नाइलाजाने. तामू ह्या रानात तीस वर्षं पहाटे येत होती. ह्या तीस वर्षांत लोकांनी तिला दोनच गोष्टी विचारल्या होत्या, जुडी केवढ्याला आणि कमी कर. आपल्याला एवढं माहीत आहे हे तिलाही त्या सकाळीच कळलं. बोलता बोलता ती मध्येच विळा पुसायला लागली. फडक्याने पुसलेला विळा तिने पुन्हा पुसला.

मग काम सुरू झालं. पहिली मूठ वाकवली, तीन ठोके, राहणाऱ्यांनो घर सोडा. छत्रीत पाच कोलांटीबाबा पडले. मेले. तहामी नळी तोंडात घेऊन झुकला आणि पाचही जण जिवंत होऊन असे उधळले, जसं काही गरम तव्यावर पाणी शिंपडावं. छत्रीच्या काठावरून, त्याच्या बाहीवरून, एक तर त्याच्या नाकावरून. दुसऱ्या मुठीला तेच, दहाव्या मुठीलाही तेच. बाटलीत एक मुंगी आणि थोडी धूळ जमली. शेवटी त्याचा चष्मा गवतात पडला आणि तो गुडघ्यांवर बसून, चष्मा शोधायला चष्मा नसलेल्या माणसासारखा, जमीन चाचपू लागला. तामू इतकी हसली की तिला बांधावर बसावं लागलं.

बसल्या बसल्या तिने पुढची मूठ हातात घेतली. तीन ठोके दिले, शब्द म्हटले, कापली. आणि इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, काड्या बोटांनी फाकवून आत पाहिलं.

तो आत होता. अगदी तळाशी, जिथे सगळ्या काड्या एकत्र येतात तिथे डोकं खुपसून, घट्ट. तिने चौथा ठोका दिला. मग पाचवा. तो हलला नाही. तीन म्हणजे तीन असं सासू म्हणाली होती, आणि सासूचं म्हणणं तपासून बघायची आमच्याकडे पद्धत नाही. तामूच्या डोळ्यांपुढून तीस वर्षांच्या जुड्या गेल्या. लग्नातल्या, बारशातल्या, तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणातल्या. त्यातल्या कितींत एकजण असा डोकं खुपसून बसला असेल? आणि ती वरून ओरडत होती, दुसरं कुणी नाही.

तहामी अजून गवतात चाचपत होता. त्याने काही पाहिलं नव्हतं. मूठ दगडावर एकदा जोरात आपटली की झालं असतं, किडा गेला असता आणि बाजारात तहामी शपथेवर सांगू शकला असता की तामूच्या मुठीत कुणी उरत नाही. त्याने तसं पाहिलंच असतं. खोटं कुणालाच बोलावं लागलं नसतं.

ती बराच वेळ मूठ धरून बसली. ह्या माणसाने तिच्या रानात गुडघे टेकले होते, आणि तिच्या हातचा पाव खाल्ला होता, म्हणजे तो पाहुणा होता. पाहुणा तुमच्या रानातली जिऱ्याएवढी वस्तू मागतो, आणि ती तुमच्या मुठीत असते.

"उस्ताद," ती म्हणाली, "चष्मा तुमच्या उजव्या गुडघ्याखाली आहे. आणि हे धरा."

त्याने मूठ घेतली, आत पाहिलं. मग त्याने ती मूठच्या मूठ बाटलीत कोंबली, आणि वर पाहिलं तेव्हा त्यालाही कळलं की तिने काय दिलं. फासचा असला तरी मठ्ठ नव्हता.

"मावशी, तीन ठोक्यांनंतरचा ना हा?"

"पाच."

मग तिनेच अट घातली. "चिठ्ठीवर लिहा, ऐन-बरवाग, तामूच्या रानात. जुडीत लिहायचं नाही. जुडी बांधली कुठे मी अजून? खोटं आहे का हे?"

"नाही. हे खरं आहे."

"आणि पहिल्याच्या चिठ्ठीवर?"

"पहिला..." तहामीने विचार केला. "पहिला मुख्याध्यापकांच्या बशीत सापडला. तेही खरं आहे." आणि त्याने तसंच लिहिलं: मुख्याध्यापकांचं घर, शुक्रवारचं कुसकुस. ही चिठ्ठी पुढे मुख्याध्यापकांच्या बायकोने वाचली, आणि तहामीला त्या घरी पुन्हा जेवायला बोलावणं आलं नाही.

मंगळवारी तो बाजारात उभा राहिला आणि बोलला. त्याने पाहिलं तेच सांगितलं. तामू प्रत्येक मुठीला तीन ठोके देते, ढिगाने किडे पडतात, एखादा उरतो. 'एखादा उरतो' हे तो इतक्या हळू म्हणाला की पहिल्या रांगेच्या पलीकडे गेलं नाही, पण म्हणाला. मग तो किड्याच्या पाठीबद्दल बोलला, पोटाबद्दल बोलला, दूरदूरच्या शास्त्रज्ञांबद्दल बोलला, हा प्राणी जगात फक्त चांगल्या, मेंढ्या न शिरलेल्या बश्नीखावरच वाढतो असंही म्हणाला. लोकांनी एवढंच शेवटचं उचललं. दुपारनंतर एका गिऱ्हाइकाने घझवानीला विचारलं की तुझ्या काड्यांत तो किडा सापडतो का. घझवानी आठवडाभर ओरडून घसा बसवून बसला होता. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तिच्याकडे एक सापडतो. माझ्याकडे मोजायला माणूस ठेवावा लागेल."

तामूने आपली आरोळी बदलली. 'दुसरं कुणी नाही' ती पुन्हा कधी म्हणाली नाही. नुसतं 'काडीच काडी' म्हणायची, आणि गिऱ्हाईक गेल्यावर उरलेल्या मुठी एकेक फाकवून आत बघायची. ठोके पाच केले होते. सासूची क्षमा मागून.

तहामीने दोन्ही किडे कापसात गुंडाळून, वहीतल्या मजकुराची प्रत जोडून युरोपातल्या एका जाणकाराला पाठवले. चौदा महिन्यांनी उत्तर आलं. नमुने उत्तम आहेत, राहणीची माहिती अपूर्व आहे, परंतु दोन्ही माद्या आहेत, नर असल्याखेरीज जात ठरवता येत नाही, तरी कृपया नर पाठवावा. तोवर तहामीची बदली वजदाला झाली होती. त्याच्या जागी आलेला उस्ताद गणित शिकवायचा.

आणि ते लग्न. बाजारातल्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी तामू निवडून, फाकवून, पाच ठोके दिलेल्या साठ मुठी टोपलीत घेऊन हज्जा य्यामनाच्या दारात गेली. हज्जाने तिला बसवलं, चहा दिला, किड्याबद्दल आपण काहीच ऐकलं नसल्याचं सांगितलं. काड्यांचं तिने, किडा निघायच्या कितीतरी आधी, रमजानमध्येच घझवानीला सांगून ठेवलं होतं. त्याने तिची दाढ फुकट काढली होती.